आधी जकात, मग लेन्स

रमजानमध्ये निकाह सहसा होत नाहीत. नांदेड-लातूरकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरला जरा उसंत मिळते आणि मनात घोळत असते ती लेन्स. ७०-२०० मिमी, एफ २.८, नामांकित कंपनीची घेतली तर दीड-दोन लाखांची. घ्यावी का?

रमजान हा हिशेबाचा महिना. निसाबाहून अधिक शिल्लक वर्षभर राहिली, तर तिच्यावर अडीच टक्के जकात. दोन लाखांवर पाच हजार. लेन्ससाठी साठवलेले पैसेही त्यात आले. मात्र ज्या हत्यारावर पोट चालते, त्यावर जकात नाही. सुताराचा रंधा, शिंप्याचे मशीन, तशीच फोटोग्राफरची लेन्स. म्हणजे प्रश्न किमतीचा नाही. गरज की मिरवणूक, एवढाच आहे. फुजूलखर्ची इस्लामला मान्य नाही.

उत्तर कामातच सापडते. एफ ४ पेक्षा एफ २.८ दुप्पट प्रकाश आत घेते. गोरज मुहूर्ताच्या मांडवात, रात्रीच्या निकाहात तो फरक फोटोत दिसतो. भर दुपारच्या अंगणात फारसा नाही. म्हणून आधी दोन-चार लग्नांना भाड्याने आणून पाहावी. दर लग्नाला भाडे भरावे लागत असेल, तर खरेदी उधळपट्टी ठरत नाही.

पण व्याजाच्या हप्त्यांवर नको. सूद हराम आहेच. ऋण काढून सण करू नये, हे मराठी शहाणपणही तेच सांगते. सोयाबीनचा भाव पडला की मराठवाड्यातली लग्ने आटोपशीर होतात, हप्ता मात्र तेवढाच राहतो.

आधी जकात, मग लेकरांचे ईदचे कपडे. त्यानंतर उरले, तर लेन्स खुशाल घ्यावी.