ग्लिसरिनाचा लाभ कोणाच्या पदरांत?

बुलढाणा जिल्ह्यांतून दरवर्षीं सोयाबीन व सरकी मोठ्या प्रमाणांत विक्रीस जाते. आम्ही बीं विकून मोकळे होतों. पुढें त्याचें तेल, पेंड, साबण होतांना प्रत्येक पायरीवरचा नफा दुसऱ्याच्या हातीं पडतो. आतां त्यांत ग्लिसरिनाची भर पडली आहे.

तेलापासून साबण किंवा बायोडीझेल करतांना तेलाच्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकें ग्लिसरीन सुटतें. बायोडीझेलचे कारखाने जगभर वाढले, तेव्हां ग्लिसरीन सांचून त्याचा भाव कोसळला. म्हणून त्यापासून मोलाचे पदार्थ करण्याचा शोध सुरू झाला. वनस्पति तुपासाठीं निकलच्या साह्यानें तेलास हायड्रोजन देतात, हें पुष्कळांस ठाऊक आहे. त्याचप्रमाणें तांबें व क्रोमियम यांच्या उत्प्रेरकावर, सुमारें २०० अंश उष्णतेंत, ग्लिसरीन व हायड्रोजन यांपासून प्रॉपिलीन ग्लायकॉल होतें. तें औषधें व राळा यांस लागतें. उत्प्रेरक स्वतः खर्चीं पडत नाहीं. क्रियेला वेग मात्र देतो. या पद्धतीबद्दल अमेरिकेंतील मिसूरी विद्यापीठाचे गॅलन सप्पस यांस २००६ सालीं हरित रसायनशास्त्राचें राष्ट्राध्यक्षीय पारितोषिक मिळालें. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतही ताम्रयुक्त उत्प्रेरकांवर संशोधन झालेलें आहे.

मग तालुक्यागणिक असा कारखाना काढावा काय? आमच्या मतें, नाहीं. क्विंटलभर सोयाबीनमधून सुमारें १८ किलो तेल व त्यांतून पावणेदोन किलोच ग्लिसरीन निघेल. शिवाय देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येतें. तें इंधनासाठीं खर्चणें शहाणपणाचें नव्हे. तळणाचें टाकाऊ तेल हाच त्यासाठीं रास्त माल होय. कच्च्या ग्लिसरिनांत मीठ, साबण, मेथॅनॉल व पाणी असतें. क्षार व गंधक यांनीं महागडा उत्प्रेरक निकामी होतो.

तेव्हां शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांनीं पहिलें भांडवल तेलगिरणींत घालावें. त्यानंतर खामगांव, मलकापूर, चिखली येथील खानावळींचें टाकाऊ तेल गोळा करण्याची व्यवस्था लावावी. ग्लिसरीन निघूं लागल्यास तें शुद्ध करून, शुद्धतेच्या प्रमाणावर भाव ठरवून, मोठ्या कारखान्यास करारानें विकावें. धातूंचें काम ज्यांस साधतें, त्यांनींच तें करावें.

कोणी अशा कारखान्याचे भाग विकावयास आला, तर त्यास तीन प्रश्न विचारावे: कच्चा माल कोठून येणार, तो शुद्ध कोण करणार, आणि तयार माल कोण घेणार? तिन्हींचीं उत्तरें लेखी मिळेपर्यंत शेतकरी बंधूंनीं थैलीची गांठ सोडूं नये.