लिंबाचा एक थेंब

मागच्या ईदच्या आधीची गोष्ट. स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी लख्ख व्हावी म्हणून आम्ही तिच्यावर संडास धुण्याचे ॲसिड ओतले. फरशी फसफसू लागली. मळ निघतोय म्हणून आम्ही खूश! वाळल्यावर कळले, मळ नव्हे, दगडच निघाला होता. गुळगुळीत फरशी खरखरीत झाली, पांढुरके डाग कायमचे बसले. अम्मी एवढेच म्हणाल्या, "मग शाळेत पोरांना खडक कसले शिकवता?"

बोलणे लागले. दुसऱ्याच आठवड्यात वर्गात पुस्तक बाजूला ठेवले आणि नदीकाठची मूठभर माती पाण्याच्या बाटलीत घालून जोरात हलवली. वाळू मिनिटाभरात तळाशी बसली. पोयट्याला काही तास लागले. चिकणमातीने मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवले. मुलांनी बोटांनीही ओळख करून घेतली: वाळू खरखरते, पोयटा पिठासारखा लागतो, चिकणमाती चिकटते आणि तिची वळी होते.

हाच गाळ थरावर थर साचून, दाबाखाली घट्ट होऊन लाखो वर्षांत खडक बनतो. उर्दूत थराला 'तह' म्हणतात, म्हणून तो तहदार चट्टान. गोटे एकत्र जखडले की पिंडाश्म, वाळूचा वालुकाश्म, बारीक चिखलाचा पंकाश्म. दिल्लीचा लाल किल्ला वालुकाश्माचा आहे; असा दगड जवळून पाहिला तर वाळूचे कण दिसतात. पंकाश्मात कण दिसत नाहीत आणि त्याचे पापुद्रे सुटतात.

चुनखडकाची गोष्ट वेगळी. तो बहुधा समुद्रातल्या शंखशिंपल्यांच्या आणि पाण्यातल्या चुन्यापासून बनतो. शहाबादी, कोटा आणि ओट्याचा काळा कडप्पा, रंग वेगळे असले तरी तिघेही चुनखडकच. आम्लाने चुना विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. आमच्या फरशीचे तेच झाले. संगमरवर हा चुनखडकाचाच रूपांतरित खडक, त्यामुळे तोही आम्लाने खराब होतो. ग्रॅनाइट आणि आपल्याकडचा काळा बेसाल्ट हे अग्निजन्य. त्यांना लिंबाने सहसा काही होत नाही.

म्हणून दगड ओळखताना रंगावर जाऊ नका. आधी कण बघा, मग थर बघा, शेवटी लिंबाचा थेंब टाका. दगड थोडा खरवडून त्या भुकटीवर थेंब टाकला तर बुडबुडे चटकन दिसतात. पॉलिश केलेल्या दगडावर दहा मिनिटे थेंब ठेवून पुसा. चकाकी गेलेला ठिपका उरला तर तो चुन्याच्या घराण्यातला समजा. ही परीक्षा तुटक्या तुकड्यावरच करा, बसवलेल्या ओट्यावर नको.

यंदा ओटा बदलायचा होता. दुकानदाराने काळाभोर दगड दाखवून "ग्रॅनाइट आहे" म्हटले. अम्मींनी पर्समधून लिंबू काढले आणि एक तुकडा मागितला. दहा मिनिटांनी त्यावर फिकट ठिपका उमटला होता. दगड आम्ही तोच घेतला, पण कडप्पाच्या भावाने. आता लोणच्याची लिंबे ओट्यावर नाही, पाटावर चिरली जातात. आणि फरशीला फक्त साबणाचे पाणी.