कॉर्लेट हे ‘व्हायकिंग’ कसे ठरतात?

१/ आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधील समुद्रात आइल ऑफ मॅन हे सुमारे ५७२ चौरस किलोमीटरचे बेट आहे. तेथील आडनावांविषयी एक सोपे समीकरण मांडले जाते: नाव नॉर्स, म्हणून रक्त नॉर्स, म्हणून घराणे व्हायकिंग, आणि डीएनए चाचणी ही त्यावरची मोहोर. हे सुतावरून स्वर्ग गाठणे होय.

२/ आधी भाषेची साक्ष पाहावी. मँक्स ही गेलिक कुळातील भाषा. तीत ‘मॅक’ म्हणजे पुत्र. कालौघात त्यातील आरंभीचा भाग गळाला आणि उरलेला ‘क’ पुढील नावाला चिकटला. क्वेल म्हणजे पॉलचा पुत्र, कॅलिस्टर म्हणजे अलेक्झांडरचा पुत्र आणि कॉर्लेट म्हणजे थॉरल्योटचा पुत्र. थॉरल्योट हे नाव नॉर्स खरे. परंतु त्याला पुत्र जोडणारा शब्द गेलिक आहे. अर्थात हे आडनाव गेलिक बोलणाऱ्यांच्या तोंडी घडले.

३/ दगडांची साक्षही हेच सांगते. कर्क मायकल येथील दहाव्या शतकातील क्रूसावर नॉर्स भाषेत, रून लिपीत लेख आहे. तो उभारणाऱ्याचे नाव मात्र गेलिक, मेलब्रिग्द. आणि कोरणारा गाउट, हे नाव नॉर्स. ज्या समाजात एकाच दगडावर दोन परंपरा नांदतात, तेथे नावावरून रक्त ठरवणार कसे?

४/ आता डीएनए. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते. दहा पिढ्यांमागे प्रत्येकाला १,०२४ पूर्वजस्थाने असतात. ही चाचणी त्यांपैकी केवळ एकाविषयी बोलते. शिवाय ‘आय१’ हा वायसमूह स्कॅन्डिनेव्हियात विपुल असला, तरी जर्मनी व इंग्लंडमध्येही आढळतो. १४०५ पासून बेटावर इंग्लंडच्या स्टॅन्ली घराण्याची सत्ता होती. तेव्हा ‘आय१’ दिसताच व्हायकिंग जहाज आठवणे ही घाई आहे.

५/ मग ही चाचणी निरर्थक का? मुळीच नाही. एका आडनावाचे अनेक पुरुष तपासले, तर ते एकाच मूळपुरुषाचे वंशज आहेत की ते नाव अनेकांनी स्वतंत्रपणे धारण केले, हे कळू शकते. समान पूर्वजाचा अंदाजे काळही काढता येतो. केली हे आडनाव मॅन आणि आयर्लंड दोन्हीकडे आहे. तेथे उच्चारसाम्याने न सुटणारा प्रश्न गुणसूत्र सोडवू शकते. मात्र उत्तर घराण्याच्या शाखांचे मिळते, वंशाच्या प्रतिष्ठेचे नव्हे.

६/ येथेच खरा धोका आहे. एखाद्या कॉर्लेटचे गुणसूत्र इतरांशी जुळले नाही, तर तो ‘खरा’ कॉर्लेट नाही, असा निवाडा दिला जातो. परंतु दत्तकविधान, आईकडून आलेले आडनाव, विधवेचा पुनर्विवाह हीदेखील घराण्याचीच कथा आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेच नाव लावून तीच जमीन कसणाऱ्यांना परके ठरवण्याचा अधिकार लाळेच्या नमुन्याला नाही.

७/ तात्पर्य: आडनाव भाषेचा पुरावा आहे, गुणसूत्र एका पितृरेषेचा, आणि कागदपत्रे मालकी व वास्तव्याचा. तिघांना शेजारी बसवले की इतिहास घडतो. एकालाच न्यायाधीश केले की जाहिरात.