ख्रिस्तपुराण सामान्यांच्या घरी कधी येणार?

फादर थॉमस स्टीफन्स यांचे गोडवे गाण्यात आपण मराठी ख्रिस्ती मंडळी कोणालाही हार जाणार नाही. त्यांनी रचलेल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपल्या व्यासपीठांवर नेमाने म्हटल्या जातात. त्यापुढचे ख्रिस्तपुराण किती घरांत वाचले जाते, हा प्रश्न आम्ही अहमदपूरहून विचारीत आहोत.

प्रबोधनकाळी युरोपचे कवी ग्रीक-रोमन पुराणकथांचा साज चढवून काव्ये रचीत होते. इटलीच्या सान्नाझारोने 1526 साली येशूजन्मावरील लॅटिन काव्यात जॉर्डन नदीला देवतेचे रूप दिले. कामोइशने 1572 च्या ‘लुझियाद’मध्ये वास्को द गामाच्या हिंदुस्थान-प्रवासावर व्हीनस आणि बाखुस यांचा कलह रचला. त्याच युगात घडलेले स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले, आणि त्यांनी ऑलिंपसच्या देवांना बाजूस सारून येथल्या पुराणांचा साचा उचलला. ओवी घेतली, श्रोत्याचे प्रश्न व गुरूची उत्तरे घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले. सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ 1616 साली राचोल येथे रोमी लिपीत छापला गेला.

‘लुझियाद’चे इंग्रजी भाषांतर पेंग्विनने 1952 सालीच खिशात मावेल अशा पुस्तकात आणले. आपल्या पुराणाचे काय? 1907 ची सलढाणांची मंगळूर आवृत्ती रोमी लिपीत. 1956 साली शांताराम बंडेलूंनी ते देवनागरीत आणले, 1996 साली फादर कॅरिदाद द्रागो यांनी आधुनिक मराठी गद्यार्थ जोडला, पुढे फादर नेल्सन फाल्काव यांनीही परिश्रम केले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. परंतु हे जाडजूड ग्रंथ अभ्यासकाच्या मेजासाठी आहेत. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आजीच्या मांडीवर उघडावेत असे ते नव्हेत.

भाषा जुनी, कळणार नाही, असे सांगणाऱ्यांनी मराठवाड्यात येऊन पाहावे. स्टीफन्स गोव्यात उतरले तेव्हा पैठणचे एकनाथ हयात होते. त्याच काळातले एकनाथी भागवत येथे गावोगाव पारायणात ऐकले जाते, आणि ऐकणारे सारेच काही पंडित नसतात. शेजारच्या अंबाजोगाईत तर त्याहून कितीतरी जुन्या मुकुंदराजांचा मान आहे. मग आपल्याच लोकांच्या कानांवर एवढा अविश्वास का?

दुसरा आक्षेप अधिक हळू आवाजात घेतला जातो. वैकुंठासारख्या शब्दांनी भाविकांचा गोंधळ उडेल म्हणे! जो ग्रंथ खुद्द इन्क्विझिशनच्या परवानगीने छापला गेला, त्यावर आज आपण अधिक सोवळे व्हावे, याला काय म्हणावे?

संपूर्ण ग्रंथ स्वस्त करणे अवघड आहे, हे आम्हांस मान्य. म्हणून निवडक अवस्वर काढा. येशूजन्म, कानाचे लग्न, दुःखसहन अशा तीन-चार प्रसंगांच्या स्वतंत्र पुस्तिका, ठळक टाईप, ओवीखालीच कठीण शब्दांचा अर्थ, आणि किंमत हरिपाठाच्या पुस्तिकेएवढी. गोव्यात हे पुराण रविवारी व सणासुदीला चर्चमध्ये वाचले जाई. उपवासकाळात प्रत्येक धर्मग्रामाने एका शुक्रवारी तसे वाचन ठेवावे, आणि पहिल्या पुस्तिकेच्या शंभर प्रतींची मागणी आताच नोंदवावी. सत्कारसमारंभांच्या खर्चातून तेवढे सहज निघेल.