कमानीआधी पाणी

स्मरणिका म्हटली की झालेल्या कार्याचा गौरव ओघाने येतो, आणि तो यावाही. परंतु गौरवाच्या या पानांतच, अद्याप न झालेल्या कामांविषयीही दोन शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पुढील वर्षासाठी आपल्या शाळेसमोर अनेक प्रस्ताव आहेत. प्रवेशद्वाराची कमान, सभागृहाची रंगरंगोटी, संगणक कक्ष, ग्रंथालयाची कपाटे, मुलींच्या वसतिगृहातील शौचालये व पाण्याची टाकी, धुराने कोंडलेले स्वयंपाकगृह. यांपैकी एकही काम अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच प्रश्न अवघड आहे. निधी थोडा, वर्ष एकच. अशा वेळी सर्व कामे एकदम आरंभिली तर सर्वच अर्धवट राहतात. हा अनुभव आपण पूर्वी घेतलेला आहे.

क्रम कसा ठरवावा, याचा धडा बाबासाहेबांच्या कार्यात आहे. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. शिक्षणप्रसार, वाचनालये, आर्थिक उन्नती असे तिचे उद्देश व्यापक होते. तरीही १९२५ च्या जानेवारीत सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. शहरात डोके टेकायला जागा नसलेल्या मुलाला शाळेचे दार उघडे असून उपयोग नव्हता. कोणता अडथळा दूर केला असता पुढची वाट मोकळी होते, ते पाहून हे काम आधी हाती घेतले गेले, असे आम्ही मानतो.

दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. निवासी शाळा हे मुलांचे घर असते, तसेच ते स्वयंपाकी, कामाठी, पहारेकरी व अधीक्षिका यांचे कामाचे ठिकाणही असते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगारांच्या हिताचे अनेक निर्णय घडवून आणले. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांपैकीच एक. त्यांच्या प्रतिमेला दररोज वंदन करणाऱ्या संस्थेत भाकरी भाजणाऱ्या मावशींचे डोळे धुराने चुरचुरत असतील आणि अधीक्षिकेला आठवड्यातून एक दिवसही विश्रांती मिळत नसेल, तर त्या वंदनाचा अर्थ आपणच तपासला पाहिजे.

म्हणून प्रत्येक प्रस्तावाला तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांला वाटते. हे काम न झाल्यास कोणाच्या आरोग्याला वा सुरक्षिततेला बाधा येते? ज्याला बाधा येते, त्याचा आवाज बैठकीपर्यंत पोहोचतो का? आणि काम झाल्यावर त्याची निगा राखण्याची तरतूद आहे का? या कसोटीवर पाणी, शौचालये व स्वयंपाकगृह पहिले ठरतात. पहाटे रांगेत उभी राहणारी, शौचालयाला जावे लागू नये म्हणून पाणीच कमी पिणारी आठवीतली मुलगी कार्यकारिणीच्या बैठकीला येत नसते. ग्रंथालय व संगणक कक्ष त्यानंतर; रंग आणि कमान शेवटी.

कमानीचा आग्रह धरणाऱ्यांना आम्ही कमी लेखत नाही. ज्यांच्या वाडवडिलांना गावच्या वेशीत सन्मानाने पाऊल टाकता आले नाही, त्यांना स्वतःच्या नावाची वेस हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. मागे अशाच एका शोभेच्या कामासाठी आम्ही शिक्षकांनीही उत्साहाने वर्गणी दिली होती. त्याच उन्हाळ्यात टाकीची गळती मात्र तशीच राहिली. ती चूक आमचीही आहे.

नियोजनाची रीतही आपल्या परंपरेत आहे. विनयपिटकात विहाराच्या बांधकामाची जबाबदारी एका भिक्खूवर सोपविण्याची तरतूद आहे. त्याला नवकम्मिक म्हणत. आपणही प्रत्येक कामाला एक उत्तरदायी व्यक्ती नेमावी. वर्षावासाच्या अखेरीस पवारणेच्या दिवशी भिक्खू आपले दोष दाखविण्याची विनंती संघाला करतात. आपणही अश्विन पौर्णिमेला विद्यार्थी, मावशी, पालक यांना एकत्र बसवून शाळेतील उणिवा ऐकून घ्याव्यात. डिसेंबरपर्यंत अंदाजपत्रक, मार्चपर्यंत निधी आणि मुले घरी असताना एप्रिल-मे महिन्यांत काम, म्हणजे जूनच्या पावसाआधी ते पूर्ण होईल. वर्षाला दोनच मोठी कामे घ्यावीत. जमलेल्या निधीतील काही भाग देखभालीसाठी वेगळा ठेवावा आणि खर्चाचा हिशेब दरमहा सभागृहातील फलकावर लावावा.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. संगमरवरी पाटीवर नाव कोरता येईल असे काम देणगीदाराला लवकर मोह घालते. नळदुरुस्तीवर पाटी लागत नाही. तरीही ज्या टाकीखाली आपण एकेकाळी बादली घेऊन उभे होतो, ती आधी आठवावी. चवदार तळ्यावर ज्यांनी पाण्यासाठी संघर्ष केला, त्यांच्या नातवंडांच्या शाळेत पुढील वर्षाचे पहिले काम पाण्याचे असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. कमान त्यानंतर उभारू, आणि तेव्हा तिच्यासाठीही आम्ही वर्गणी देऊ.