यादीत नसलेले कारखाने

किरणोत्सर्गी द्रव्ये जेथे हाताळली गेली त्या स्थळांच्या सरकारी याद्या हा विषय काहीसा रुक्ष, हे मान्य करूनच आम्ही प्रस्तुत अंक त्याला वाहिला आहे. १९४२ नंतर अमेरिकेत अण्वस्त्रनिर्मितीच्या गुप्त कार्यासाठी सेंट लुइसच्या रासायनिक कारखान्यात युरेनियम शुद्ध झाले, न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्टच्या पोलाद कारखान्यात ते लाटून त्याच्या सळया झाल्या, आणि काम सरताच असे कित्येक खासगी कारखाने पूर्वीच्या धंद्याकडे वळले. आपण काय हाताळले याची पुरती कल्पना मजुरांना मात्र कोणी दिली नव्हती. पुढे २००० सालच्या कायद्याने रोगग्रस्त कामगारांना दीड लाख डॉलर भरपाई देऊ केली, तेव्हा कारखान्याचे नाव यादीत असणे हीच हक्काची पहिली पायरी ठरली, आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत वारंवार फेरफार करावे लागले. गुप्ततेपायी दप्तर अपुरे राहिले असेल. पण पुराव्याचा भार आजारी माणसाच्या शिरावर टाकणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

हा प्रश्न परक्यांचा नव्हे. २०१० साली एका विद्यापीठाने भंगारात काढलेल्या उपकरणातील कोबाल्ट-६० दिल्लीच्या मायापुरीत पोहोचले व एक कामगार दगावला. म्हणून अणुभौतिकीपेक्षा नोंदी कोण ठेवतो, कोण तपासतो, याचाच ऊहापोह या अंकातील लेखांत मुख्यतः आढळेल. कारखाने, इस्पितळे, प्रयोगशाळा यांत काम केलेल्या वाचकांनी आपले अनुभव व मतभेद आम्हांला निःसंकोच कळवावेत.