काय दिवे लावले!

माणसाने देवापुढे दिवा लावावा, तुळशीपाशी लावावा, फार तर परीक्षेत लावावेत. पण संगणकाच्या पोटात सात रंगांचे दिवे लावून ते काचेतून आल्यागेल्याला दाखवायची जी टूम निघाली आहे, तिला माझा जाहीर विरोध आहे. दिव्यांशी माझं वैर नाही. पण दिव्यांना पैसे आहेत आणि अर्थिंगला नाहीत, हे मला बघवत नाही.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंट खात्यात नोकरी करतो. म्हणजे कारखान्यातले दाब, तापमान मोजणारे काटे खरं बोलतात की थापा मारतात, हे बघणं माझं काम. त्यामुळे माणसांपेक्षा माझा यंत्रांवर विश्वास जास्त, आणि यंत्रांपेक्षा अर्थिंगवर. फावल्या वेळात वीरेश्वराचा छबिना, शिमग्याच्या पालख्या, जाखडी, भजनं यांचं चित्रण करून ते नीट जोडून ठेवायचा मला नाद आहे. त्यासाठी सुटे भाग आणून संगणक जुळवायचं मी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी घरात सल्लागार मंडळ बसलं.

पहिला पक्ष शेजाऱ्यांचा. "अहो, हल्ली सगळं मोबाइलवर होतं!" होतं की. पोळीसुद्धा हातावर थापून होते, म्हणून कोणी पोळपाट विकलेला नाही. माझा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटने लिहितो. म्हणजे एका तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे लावले तर ९०, आणि सासणकाठ्या नाचायला लागल्या की तासाभरात आटपा असं देवाला सांगता येत नाही. त्या मानाने आवाज बिचारा गरीब. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन कानांचा मिळून तासाला जेमतेम एक जीबी. गरिबाकडे लक्ष कोण देतो? कोणीच नाही. ते पुढे येईलच.

दुसरा पक्ष भाच्याचा. भाचा पुण्याला असतो. त्याने यादीच पाठवली. "मामा, डोळे झाकून घ्या." यादीत निम्मे पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डाला, त्याखालोखाल काचेच्या कपाटाला, मग दिव्यांचे पंखे, दिव्यांची रॅमसुद्धा! पॉवर सप्लाय मात्र "कुठलाही चालेल". यूपीएसचं नाव नाही. ही यादी ज्याने मुळात केली त्याच्या गावी वीज बहुधा जातच नसावी, आणि पाऊस बागेपुरता पडत असावा. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तो बागेचं विचारत नाही.

रंग सुधारायच्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागतं, हे मला मान्य. पण भजनाच्या आवाजातली घरघर काढायला ते फारसं उपयोगी पडत नाही. आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावामागे 'एफ' असतो, तो स्वस्त का असतो? त्यातला चित्राचा भाग बंद असतो म्हणून. काही कॅमेऱ्यांच्या फिती (फिती गेल्या, शब्द राहिला) भराभर उलगडायला नेमका तोच भाग कामी येतो. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात हे बोललो, तर दुकानदार म्हणाला, "काका, राहिलेल्या पैशात आरजीबी टाकून देतो ना!" म्हणजे पुन्हा दिवेच.

आता हवेबद्दल. गंधकाच्या वायूने चांदी काळी पडते, हे कुठलीही गृहिणी रसायनशास्त्र न शिकता सांगेल. आमच्या घरची निरांजनं तर मला पाठ आहेत. संगणकाच्या पाट्यांवर तांबं असतं, काही ठिकाणी चांदीही असते. त्यांना काही वेगळा न्याय नाही. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही यासाठी गाळलेली हवा थोड्या जास्त दाबाने आत सोडतो. दार उघडलं तर आतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत घुसत नाही. संगणकाचं कपाट म्हणजे छोटी कंट्रोल रूमच. जाळी लावलेले तीन पंखे हवा आत घेणारे, बाहेर टाकणारा एक. जाळीने धूळ अडते, वायू अडत नाही, हे कबूल. त्याला खिडकी लावून घ्यायची. आणि पावसाळ्यात काम असो नसो, यंत्र रोज तासभर चालवायचं. ऊब राहिली की दमट हवा आत बस्तान मांडत नाही. हे कुठल्या यादीत आहे, दाखवा.

पंखे मोठे आणि सावकाश फिरणारे हवेत, कारण त्याच खोलीत माइक आहे. लहान पंखा जोरात फिरला की प्रत्येक अभंगाला गिरणीची साथ मिळते. त्याहून वाईट ती पन्नास हर्ट्झची घूं. पुष्कळदा ती अर्थिंगच्या गोंधळातून येते. आणि त्यावर आपल्याकडचा रामबाण उपाय काय, तर प्लगची तिसरी पिन तोडणे! हा उपाय सांगणारे लोक मी पाहिले आहेत. सगळे हसतमुख असतात. घूं जाते हे खरं, पण एखाद्या दिवशी वाजवणाराही जायचा. मी अंगणात खड्डा खणून नवीन अर्थिंग घातलं, तेव्हा आळीतल्या लोकांना वाटलं विहीर काढतोय. भाच्याने खर्चाचा आकडा ऐकून विचारलं, "मामा, एवढ्यात कार्ड एक पायरी वरचं आलं असतं." आलं असतं. घूं अधिक सुंदर रंगात ऐकू आली असती.

पण माझं खरं भांडण यादीच्या शेवटच्या ओळीशी आहे. तिथे लिहिलं होतं, "डिस्क एक. नंतर वाढवता येईल."

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी बाजारपेठेत शिरल्या. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली; ज्या घरातली माणसं गेली त्यांच्यापुढे डिस्कचं दुःख सांगायला तोंड नाही. तरी सांगतो. आमच्या वाडीत भजन सांगणारे एक बुवा होते. आवाज म्हणाल तर पखवाजाला घाम फोडणारा. ते आदल्या वर्षी वारले. त्यांच्या शेवटच्या सप्ताहाचं ध्वनिमुद्रण बाजारातल्या एका स्टुडिओत, तळमजल्यावर, एकाच डिस्कवर होतं. नंतर वाढवायची ती राहून गेली होती. पाणी ओसरल्यावर चिखलातून ती डिस्क काढली, धुतली, मुंबईला पाठवली. काही निघालं नाही. बुवांच्या नातवाने त्यांना गाताना ऐकलेलं नाही, आणि आता ऐकवायचं काय? तासाला एक जीबी. कोणाच्याही खिशातल्या फोनवर मावलं असतं.

तेव्हा आमच्याकडे यादी उलटी लिहिली जाते. आधी तीन डिस्का, मग यूपीएस, मग चांगला पॉवर सप्लाय, आणि उरलेल्या पैशात ज्याला जे कार्ड बसेल ते बसेल. दोन डिस्का घरी, माडीवर. तिसरी पोलादपूरला, डोंगरावरच्या वाडीत, बहिणीच्या फडताळात. हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून. दर दोन महिन्यांनी मी एसटीने जातो आणि अदलाबदल करून येतो. एकदा तिच्या सुनेने पापडाचा समजून डबा उघडला. तेव्हापासून बहिणीने वर चिठ्ठी चिकटवली आहे: "हात लावू नये. आत भजन आहे."